जाळ्याला पडलेली भोकं

पाणमांजर गोंडस असतं असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या ओट्यावर बसून आठ दिवस जाळी सांधावीत. नवव्या दिवशी गोंडसपणाबद्दल बोलू.

त्या साली नदी लवकर आटली. वरच्या अंगाला पाणी गुडघ्यावर आलं, खालच्या अंगाला घोट्यावर, आणि मधल्या वळणावरचा डोह तेवढा भरलेला राहिला. नदीतला होता नव्हता तो मासा डोहात गोळा झाला. आयतं ताट वाढलंय म्हटल्यावर जेवणारे कशाला मागे राहतील? पाणकावळे आमच्याच खुंटांवर बसून पंख वाळवायचे. बगळे उथळ पाण्यात ताटकळत उभे. एक घार तर अशी सोकावली होती की आमची होडी काठापासून सुटली रे सुटली, ही डोक्यावर घिरट्या घालायला हजर. आणि पलीकडच्या काठाला, झाडाच्या उघड्या पडलेल्या मुळांखाली, पाणमांजरांचं एक बिऱ्हाड येऊन राहिलं. आई, बाप आणि तीन पिल्लं.

त्याच डोहावर आमचंही पोट होतं. माझं, नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं. डोहाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक मासेमार होता, त्याला आम्ही ‘खालचा’ म्हणायचो. तो आम्हाला ‘वरचे’ म्हणत असणार. कुणी जाळं कुठवर लावायचं यावरून तीन वर्षांपूर्वी त्याचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे पाठ करून मासे धरायचे.

आमची पद्धत साधी. संध्याकाळी दोन जाळी लावायची. एक काठापासून आत जाणारं, दुसरं डोहाच्या मधोमध. सकाळी ऊन पाण्यावर यायच्या आत ती ओढायची. पहिल्या जाळ्याचं एक टोक काठाजवळच्या खुंटाला बांधलेलं असायचं, पोटरीभर पाण्यात. नवरा होडी धरून ठेवायचा, मी उतरून खुंटाचा दोर सोडायची, मग दोघं मिळून जाळं होडीत घ्यायचो.

खुंटावरचं हे काम आधी सासऱ्यांचं होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा जाळं सांधायला, गाठी मारायला त्यांनीच मला शिकवलं. माझी आई म्हणायची, तुझा सासरा बोलायला कंजूष आहे, पण शिकवायला नाही. ते खरं होतं.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग सदऱ्याची बटणं लागेनात. आम्ही सगळेच काही दिसत नाही असं दाखवत होतो. पण जाळ्यातून मासा सोडवणं हे निव्वळ बोटांचं काम. कल्ल्यात दोरा रुतलेला असतो, तो नखानं उचलायचा, जाळ्याचं एकेक घर मागे सारायचं, मासाही फाटता कामा नये आणि जाळंही. हंगामाच्या सुरुवातीला एक दिवस सासरे एका माशाशी झटत बसले होते. काठावर घेणारे उभे होते, उन्हं वर आली होती, टोपलीतले मासे मऊ पडत चालले होते. नवऱ्यानं त्यांच्या हातातून जाळं ओढून घेतलं.

“सोडा बाबा. तुमच्यानं एक मासा सुटत नाही. उद्यापासून घरी बसा.”

काठावर कुणीतरी हसलं. सासऱ्यांनी ओले हात गुडघ्यांना पुसले, होडीतून उतरले आणि घराची वाट धरली. घर चांगलं अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जागी मी.

“चारचौघांत असं बोलायचं?” मी नवऱ्याला म्हणाले.

“मग कसं बोलायचं? चिठ्ठी लिहून द्यायची?”

“बाप आहे तो तुमचा.”

“म्हणून तर एवढे दिवस बोललो नाही.”

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. “त्याला सांग, होडीच्या बुडाला चीर पडलीय.” “त्यांना सांग, मला दिसते.” दोघं एकाच खोलीत, हात लांबवला तर एकमेकांना लागेल एवढ्या अंतरावर, आणि मधे मी पोस्टमनसारखी. एकदा मी चिडून दोघांनाही म्हटलं, माझ्याकडे निरोप द्यायचा असेल तर तिकीट चिकटवून द्या. कुणीही हसलं नाही.

आणि वर ही पाणमांजरं.

आधी मला त्यांची मौज वाटली, हे कबूल करते. पहिल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही मधलं जाळं ओढत होतो आणि होडीच्या दोन्ही बाजूंना डोकी वर आली. चपटी, ओली, मिशाळ डोकी. एकानं नाकातून फुस्स केलं. दुसऱ्यानं मान उंच करून आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच न विचारता त्यांच्या घरात शिरलो होतो. मग ते बुडालं, आणि माझ्या हातातलं जाळं एकदम जड झालं. खालून कोणीतरी ओढत होतं. मी ओढलं, त्यानं ओढलं. मी पाय फळीला टेकवून मागे रेलले. एकदम जाळं सैल झालं आणि मी होडीत पाठीवर आपटले. वर आलं ते माशाचं नुसतं शेपूट, आणि दोन डोकी सहज आत जातील एवढं भोक.

दहा हातांवर ते पाणमांजर पाण्यात मान वर काढून आमचा मासा खात होतं. दोन्ही पुढच्या पंजांत धरून, डोक्याकडून सुरुवात करून, करकर आवाज करत. अर्धा खाल्ला, उरलेला सोडून दिला आणि परत आमच्या जाळ्याकडे आलं.

“अर्धा टाकला बघ,” नवरा म्हणाला. “निदान पुरा तरी खा ना, मेल्या.”

त्यानं वल्हं आपटलं. डोकी बुडाली, वीस हातांवर वर आली. शिट्टी वाजली, पलीकडून पिल्लांनी शिट्टी दिली. तेवढ्या गडबडीत घारीनं टोपलीवर झडप घातली आणि वरचा मासा उचलून नेला. नवरा होडीत उभा राहून वर घारीला आणि खाली पाणमांजरांना आळीपाळीनं शिव्या देत होता. होडी हलत होती. मी भिजलेली, पाठ दुखतेय. काठावर खालचा उभा होता. आमच्याकडे पाठ करून, पण त्याचे खांदे हलत होते.

असे दिवस. सकाळी ओढायचं, दुपारी सांधायचं, संध्याकाळी लावायचं. माझ्या अंगठ्याला दोऱ्यानं चीर पडली, तिच्यावर चिंधी, चिंधीवर परत दोरा. सासरे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून रस्त्याकडे बघत. जाळ्याकडे बघतसुद्धा नसत.

जाळं सांधणाऱ्याला भोक वाचता येतं. त्यात काही मोठी विद्या नाही. पाणमांजरानं पाडलेलं भोक फाटकं असतं, दोरे ओढलेले, टोकं चघळून पिंजारलेली, आजूबाजूची घरं ताणून वेडीवाकडी झालेली. आणि भोक कुठंही असतं, वर, खाली, मधल्या जाळ्यात, कुठंही. साधारण तिसऱ्या आठवड्यात मला वेगळी भोकं दिसायला लागली. लहान, नेटकी. तीन-चार घरं तेवढी कापलेली आणि दोऱ्यांची टोकं सुरीनं कापल्यासारखी सरळ. सुरीनंच कापलेली होती ती. आणि सगळी पहिल्या जाळ्यात, खुंटापासून दोन-तीन हातांच्या आत. म्हणजे होडीशिवाय, पाण्यात उभं राहून जिथवर हात पोचतो तिथंच.

मला वाटलं, खालचा. दुसऱ्या कुणाचं नाव येणार? पण नवऱ्याला सांगावं तर तो वल्हं घेऊन निघाला असता, आणि आमच्या घरात एवढी एकच जोडी वल्ही. मी म्हटलं, जाऊ दे, दोन-चार माशांचा प्रश्न आहे. संध्याकाळी त्यानं विचारलं, “किती भोकं?” मी म्हणाले, “अकरा. मेली पाणमांजरं.”

मग एक दिवस बाजारातून येताना न्हाव्यानं मला दुकानातून हाक मारली. हातात वस्तरा, खुर्चीत अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक.

“वहिनी, म्हाताऱ्यांना सांगा, परवाचा मासा फार छान होता. बायको अजून नाव काढते.”

“कुठला मासा?”

“त्यांनी दिला तो. गळाला लागला म्हणे. या वयात एवढा मोठा मासा गळावर खेळवायचा म्हणजे हात काय पक्का पाहिजे, मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.” खुर्चीतल्या माणसानं साबणातून मान डोलावली. त्यालाही सांगून झालं होतं.

आमच्या घरात गळ नाही. कधीच नव्हता. जाळंवाल्यांना गळवाले म्हणजे रिकामटेकडे वाटतात, आणि सासऱ्यांइतकं ते कुणाला वाटत नव्हतं.

मी घरी आले, जाळं मांडीवर घेतलं आणि बसून राहिले. रोज पहाटे सासरे फिरायला म्हणून बाहेर पडायचे आणि मी चहा ठेवेपर्यंत परत यायचे. पाय गुडघ्यापर्यंत ओले असायचे. विचारलं तर म्हणायचे, “दव.” नदी आटली, गवत वाळून खडखडीत झालं, आणि म्हाताऱ्याच्या पायांना तेवढं दव. आणि मी महिनाभर ते ऐकून चहात साखर घालत होते. माझ्यासारखी शहाणी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटाशी उतरले तेव्हा दोराकडे नीट पाहिलं. संध्याकाळी तो नवऱ्यानं बांधला होता. नवऱ्याची गाठ म्हणजे दोन वेढे आणि फास, कसंतरी उरकलेलं. आता खुंटावर तीन वेढे होते, टोक वेढ्यांखालून काढून प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवलेलं. जगात ही गाठ दोनच माणसं मारतात, आणि दुसरी मी आहे, मला त्यांनीच शिकवलेली. दोर सैल करून जाळं वर घ्यायचं, मग परत बांधायचं. सुरी लपवली, ओल्या पायांना दव म्हणून सांगितलं, पण गाठ मात्र त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता मारली. मारायला किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक.

बोटांनी मासा सुटत नाही, म्हणून मग जाळं कापायचं. ज्या माणसानं मला सांगितलं होतं की जाळ्याला सुरी लावणाऱ्यानं नदीवर येऊ नये, तोच माणूस.

“काय झालं? सोड ना दोर,” नवरा होडीतून ओरडला.

“ओला झालाय, सुटत नाही,” मी म्हणाले, आणि ती गाठ घाईघाईनं सोडली.

मी कुणालाच काही बोलले नाही. सासऱ्यांना काय सांगणार, चोरू नका? स्वतःच्या घरचे मासे? आणि नवऱ्याला सांगायचं म्हणजे त्या होडीतला प्रसंग पुन्हा, आणि या वेळी चोर म्हणून. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी दुपारी सुरीची भोकं आधी सांधून टाकायला लागले, नवरा यायच्या आत. दातांची ठेवायची दाखवायला. राग मात्र सगळ्यांचा येत होता. सासऱ्यांचा, नवऱ्याचा, न्हाव्याचा, आणि जास्त करून त्या पाच मिशाळ तोंडांचा, कारण त्यांच्या नावावर सगळं खपत होतं आणि तीही बिचारी इमानानं रोज आपली भोकं पाडत होती.

मला वाटत होतं, मी फार हुशार आहे. नवऱ्यालाही डोळे आहेत हे मी विसरले.

एका संध्याकाळी तो होडीत एक पोतं घेऊन आला. पोत्यात लोखंडी चाप. लोहाराकडे कुणीतरी लांडग्यासाठी करून घेतला होता आणि न्यायला आलाच नाही, असा वर्षभर भिंतीला टांगलेला. दोन्ही जबड्यांना बोटाएवढे दात. नवऱ्यानं दोन्ही स्प्रिंगांवर पाय रोवून, वाकून तो उघडला, दम लागला त्याला. मग साखळी खुंटाला अडकवली आणि चाप खुंटाच्या बुडाशी पाण्यात ठेवून वर शेवाळ पसरलं.

“उद्या तू इथं उतरू नकोस,” तो म्हणाला. “मी वरून दोर सोडीन.”

“इथं कशाला लावलात? ती तर तिकडे खडकावर चढतात. केवढे खवले पडलेत बघा तिथं, खेकड्यांची कवचं पडलीत.”

“मला माहीत आहे ती कुठं चढतात.”

“मग?”

त्यानं हात धुतले. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पाणमांजराला सुरी धरता येते का?”

मी होडीचा दोर ओढून धरला.

“तू सांधून ठेवतेस, पण सांधलेलं मला दिसतं. नवा दोरा चमकतो. तुला वाटतं मी भांडायला जाईन म्हणून लपवतेस. मी कशाला भांडू? खालच्याला एकदा लंगडा होऊ दे. नंतर विचारलं तर सांगू, पाणमांजरांसाठी लावला होता.”

“अहो, तो खालचा नाहीये.”

“मग कोण आहे?”

आता बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याचा चेहरा असा होता, तीन वर्षांचा राग साचलेला, आणि मला वाटलं हा राग सांडायचाच असेल तर त्या हाडकुळ्या म्हाताऱ्यावर नको. मी म्हणाले, “कुणास ठाऊक. कुणाचा तरी पाय मोडायचा, नाही बरं हे.”

“चोराचा मोडेल,” तो म्हणाला. “मोडू दे.”

घरी येईपर्यंत मी ठरवलं की सासऱ्यांना सांगायचं. तेही सोपं नव्हतं. ते ओट्यावर बसले होते. नवरा आत गेल्यावर मी जाळं घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

“मामंजी, उद्या नदीकडे कुणी जाऊ नये. ह्यांनी चाप लावलाय.”

“कशाला?”

“पाणमांजरांसाठी.”

“कुठं लावला?”

“खुंटापाशी. काठाकडच्या.”

मी सुई चालवत राहिले, वर बघायची हिंमत झाली नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि ते त्यांनी एकमेकांत घट्ट धरले होते.

“पाणमांजर खुंटापाशी येतं होय?” ते म्हणाले.

“मला काय कळतंय त्यातलं.”

“तुला कळतं,” ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मला वाटलं, सुटलो. कळायचं ते कळलं, आता काही जात नाहीत. निश्चिंत झोपले, ही माझी दुसरी हुशारी. फटफटताना जाग आली तर त्यांची चादर घडी करून ठेवलेली आणि दाराशी चपला नाहीत.

नवरा घोरत होता. त्याला उठवलं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी तशीच धावले. अर्ध्या तासाची वाट, मी किती वेळात पोचले माहीत नाही, पण वाटेत दोनदा पडले आणि एक चप्पल गेली. नदी दिसायच्या आधी शिट्ट्या ऐकू आल्या. एकामागून एक, चिरक्या. आणि मधे एक असा आवाज की मांजर, कुत्रं आणि तान्हं पोर एकदम रडल्यासारखं. माझ्या डोळ्यांसमोर म्हाताऱ्याचा पाय आला.

सासरे दोन्ही पायांवर उभे होते. पोटरीभर पाण्यात, चापापासून चार हातांवर. चापात पाणमांजराची मादी होती. पुढचा एक पंजा अडकला होता आणि ती साखळीच्या टोकापर्यंत उसळत होती, आदळत होती, परत उसळत होती. पाणी चिखलानं लाल-काळं झालेलं. बाकीची चार डोकी डोहात ओळीनं, शिट्ट्या मारतायत, फुसफुसतायत. नर मधेच पुढे यायचा आणि सासऱ्यांकडे बघून दात दाखवायचा.

“मामंजी, मागे व्हा आधी.”

“आलीस का. बरं झालं. एकट्यानं होईना.” जणू मी चहाच घेऊन आले होते.

“तुम्हाला सांगितलं होतं ना मी.”

“म्हणून तर आलो. चाप उतरवायला. खालचा कधीमधी खेकडे धरायला इकडे येतो. त्याच्या पायाचं काय करायचं? पण माझ्या आधी हिनं पाय घातला. एरवी कधी इकडे चढत नाही, आजच बरी चढली.”

“आणि ही सुरी?” त्यांच्या हातात ती उघडी होती.

“सुरी खिशात असतेच,” ते म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

त्यांनी खुंटावरचा दोर कापला, काठाजवळचं जाळं ओढून घेतलं, त्याच्या चार घड्या केल्या आणि मला म्हणाले, “मी हिला दाबतो. तू दोन्ही बाजूंना टाचा देऊन उभी राहा. पंजा निघाला की बाजूला हो.” त्या वेळी त्यांचे हात थरथरत नव्हते असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. पण थरथरत होते. एवढे थरथरत होते की घडी दोनदा सुटली. तिसऱ्या वेळी त्यांनी हातांचा नादच सोडला आणि जाळ्यासकट सगळं अंगच तिच्यावर टाकलं.

मी स्प्रिंगांवर चढले. एका पायात चप्पल, एक अनवाणी. लोखंड टाचेत रुतलं. जबडा बोटभर उघडला, बस्स तेवढाच. जाळ्याच्या आत ती गर्रकन वळली आणि तिनं जाळ्यावरूनच सासऱ्यांचा उजवा हात धरला, अंगठा आणि बोट यांच्या मधे. हाडापर्यंत दात गेल्याचा आवाज मला ऐकू आला. ते ओरडले नाहीत. “पाय काढू नकोस,” एवढंच म्हणाले. “निघतोय. निघतोय. हां.”

पंजा निघाला. दोन बोटं चेंगरली होती. मादी जाळं फाडून बाहेर पडली, तीन पायांवर लंगडत पाण्यात शिरली आणि पाची डोकी मिळून पलीकडे गेली. एकानंही मागे वळून बघितलं नाही. का बघावं म्हणा. चाप आमचाच होता.

सासरे काठावर बसले. हातातून रक्त मनगटावरून कोपराकडे येत होतं. मी पदर फाडून आवळून बांधत होते तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. नवरा. केस विस्कटलेले, हातात माझी चप्पल.

“बाबा?” तो म्हणाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला मधे न घालता.

तो तिथंच थांबला. त्यानं बापाच्या ओल्या पायांकडे पाहिलं. चिखलात पडलेल्या सुरीकडे पाहिलं. मिटलेल्या चापाकडे, मग परत पायांकडे. सासऱ्यांच्या नडग्या म्हणजे नुसत्या काड्या, वर कागदासारखी कातडी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. काय कळायचं ते त्याला कळलं. त्याचं तोंड उघडलं. आता हा म्हणणार, तुम्ही होतात होय. चाळीस वर्षांची नदी एका शब्दात संपणार.

पण आधी सासरे बोलले.

“चाप तू लावलास?”

“हो.”

“खुंटापाशी?”

“हो.”

“पाणमांजर खुंटापाशी चढतं का रे? तिकडे खडक आहे, खवल्यांचा ढीग पडलाय, आंधळ्यालाही कळेल. एवढी वर्षं माझ्याबरोबर नदीवर आलास. चाप लावायची अक्कल नाही तुला?”

त्यांचा आवाज चढला होता, शेजारी कुणी राहत असतं तर जागं झालं असतं. आणि डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. त्या डोळ्यांत राग नव्हता. मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसलं, ते त्याला विनवत होते.

नवरा उभाच होता. मग त्यानं माझी चप्पल खाली ठेवली.

“चुकलं, बाबा,” तो म्हणाला.

“कुणाचा तरी पाय गेला असता.”

“हो.”

“कुणाचाही.”

“हो, बाबा. माझं चुकलं.”

पाणी निवळायला लागलं. नवऱ्यानं खाली वाकून चिखलातली सुरी उचलली, पाण्यात खळबळली, शर्टाला पुसली, घडी केली आणि बापाच्या खिशात घातली.

मधलं जाळं अजून ओढायचं होतं. सासरे उठले, बांधलेला हात छातीशी धरून पाण्यातून चालत गेले आणि होडीत बसले. पुढच्या फळीवर, खुंटाच्या बाजूला, जिथं दोन महिने मी बसत होते. नवऱ्यानं ते पाहिलं. होडी ढकलली आणि वल्ही घेतली. माझ्यासाठी जागा आहे की नाही हे कुणी पाहिलंच नाही. होडीत तीन माणसं मावतात, पण मग मासे कुठं ठेवणार?

काठावर ते फाटकं जाळं पडलं होतं. मी ते पिळलं, गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. ओलं जाळं जड असतं. डोहावरून दोघांचे आवाज येत होते, डावीकडे घे, घेतो, अजून घे, अहो घेतो म्हटलं ना. थेट एकमेकांशी, मधे मी नाही.

घरापर्यंत अर्धा तास. तेवढा वेळ मी मोठमोठ्यानं पाणमांजरांना शिव्या देत चालले, दुसऱ्या कुणाला देणार? येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या, आणि त्या संपल्यावर रडले.